चालण्याचा सल्ला आणि चालायची जागा

सकाळी मीरा रोड आणि भाईंदर स्थानकांत महिलांच्या डब्यासमोर जी गर्दी उभी असते, तिच्यातल्या कितीतरी जणी रोज पाळीच्या आधीच्या आठवड्यात असतात. पोट फुगलेले, स्तन दुखरे, रात्री झोप नीट नाही आणि क्षुल्लक कारणाने डोळ्यांत पाणी किंवा तोंडात तिखट शब्द. घरी त्यावर ठरलेली प्रतिक्रिया असते, ‘हिला आज झालंय तरी काय!’ पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत सारे निवळते, म्हणून डॉक्टरांपर्यंत कुणी जात नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

हा स्वभावदोष नव्हे, नाटक तर नव्हेच. अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी 1931 मध्ये या त्रासाची वैद्यकीय नोंद केली. 1953 मध्ये ब्रिटनच्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी त्याला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ म्हटले. तेच आजचे पीएमएस. ‘हार्मोन बिघडले’ असे सर्रास म्हटले जाते. पण अशा बहुतेक स्त्रियांच्या रक्तातली संप्रेरके तपासली तर ती इतरांसारखीच आढळतात. बीजकोषातून बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि पाळीच्या आधी उतरते. या नेहमीच्या चढउताराला काहींचा मेंदू अधिक तीव्र प्रतिसाद देतो. मनःस्थिती सांभाळणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाचा त्यात वाटा आहे.

यावरच्या उपायांत एरोबिक व्यायामाला मानाचे स्थान आहे. ब्रिटनच्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या फळीच्या उपायांमध्ये व्यायामाचा समावेश केला. भरभर चालणे, सायकल, दोरीवरच्या उड्या, पोहणे, नाच, यांपैकी काहीही चालते. वेग ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. व्यायामाने झोप सुधारते, ताण उतरतो, मन हलके होते आणि थकवा व चिडचिड कमी होण्यास मदत होते. मात्र दावा मोजूनमापूनच करायला हवा. यावरचे बरेचसे प्रयोग लहान आहेत. आपण व्यायाम करतो आहोत हे करणारीला माहीत असतेच, त्यामुळे गोळीच्या प्रयोगासारखी खरी-खोटी तुलना इथे जमत नाही. तरीही निष्कर्षांचा कल बहुतांशी एकाच दिशेचा आहे, खर्च जवळजवळ नाही आणि हृदय, साखर, हाडे यांचा फायदा वेगळाच.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्यायाम त्रासाच्या आठवड्यापुरता नव्हे, महिनाभर हवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो दहा-दहा मिनिटांत विभागला तरी हरकत नाही. दुसरे म्हणजे, कॅलेंडरवर रोज त्रासाची नोंद ठेवावी. दोन-तीन पाळ्यांनंतर फरक पडला की नाही हे स्वतःलाच दिसते, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर तीच वही उपयोगी पडते. ती वेळ ओळखायला हवी. काही थोड्या स्त्रियांत हा त्रास इतका तीव्र असतो की नोकरी, नाती, सारेच कोलमडते. जगणे नकोसे वाटते. तिथे ‘जरा चालून ये’ हा सल्ला अपुराच नव्हे, तर धोक्याचा आहे. अशा वेळी औषधे उपलब्ध आहेत आणि ती लागू पडतात. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे.

पण खरा अडसर पुढेच आहे. अर्धा तास आणायचा कुठून? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 299 मिनिटे घालवतात असे दिसले. घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे. त्यात लोकलचा प्रवास मिळवा. धुणीभांडी आणि गर्दीतले उभे राहणे अंग मोडते, पण हृदयाची गती सलग वाढवत नाही. दमणे आणि व्यायाम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2022 मध्ये भारतातल्या निम्म्याहून अधिक, सुमारे 57 टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यास सांगतो. त्याला आळस म्हणणे अन्याय ठरेल.

वेळ मिळाला तर जागा? उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, यांच्यामध्ये मीरा-भाईंदर वसले आहे. 2011 च्या जनगणनेतच लोकसंख्या आठ लाखांवर होती. जेसल पार्कच्या चौपाटीसारख्या जागी सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची गर्दी असते, कारण माणसांना चालायचे आहे. पण घरापासून तिथवर पोचायला मोकळा पदपथ हवा. नोकरीवरून रात्री आठला परतणारीसाठी उद्यान उघडे आणि उजेडाचे हवे, आणि जवळ वापरता येईल असे स्वच्छ स्वच्छतागृह हवे. पाळीच्या दिवसांत तर हवेच. पदपथ, दिवे, स्वच्छतागृहे हा स्त्रियांच्या आरोग्याचा खर्च आहे, असे समजून महापालिकेने तो मांडायला हवा. गृहनिर्माण संस्थांनाही आवारातला एक पट्टा गाड्यांपासून मोकळा ठेवता येईल.

घरच्यांचे काम तर त्याहून सोपे आहे. सकाळचा चहा आणि डबा दुसऱ्या कुणी केला, की तो अर्धा तास मिळतो. ‘हिला झालंय तरी काय’ असे विचारणाऱ्यानेच ती वीस-तीस मिनिटे आपल्या अंगावर घ्यावीत. औषधाच्या चिठ्ठीवर हा उपाय कुणी लिहून देत नाही. पण त्याच्याशिवाय चालण्याचा सल्ला कागदावरच राहतो.