चढाला हलकी सायकल
भाट्याच्या किनाऱ्यावरून मिरजोळ्याच्या सड्यावर परतताना जुन्या माउंटन बाइकचं वजन मांड्यांना कळतं. ते उतरवायला नवी सायकल कशाला? आधी लोखंडी स्टँड आणि कॅरिअर काढा, खर्च शून्य. मडगार्ड मात्र राहू द्या, पावसाळ्यात तांबडा चिखल थेट पाठीवर उडतो. मग पैसे टायरवर घाला. कडेला तार असलेला, जाड गुट्ट्यांचा २६ इंची टायर ८०० ग्रॅमपर्यंत भरतो. घडी होणारा, बारीक नक्षीचा दीड-दोनशे ग्रॅमने हलका आणि डांबरावर मोकळा पळणारा. पण खरा बोजा पुढच्या शॉकअपच्या फोर्कात! स्वस्तातला अडीच किलोंच्या आसपास असतो. साधा ताठ फोर्क बसवला तर किलोभर सहज सुटतो. फक्त उंची जुन्याएवढीच घ्या, नाहीतर हँडल खाली झुकतं आणि वळणाला सायकल बावचळते.