आधी काय झिजायचं ते ठरवा

बदलापूरच्या एका वाचकाने पाठवलेलं नामंजूर बिल महिनाभर आमच्या टेबलावर पडून आहे. एका धरणावरच्या देखरेखीच्या बोटीचा स्टर्नड्राइव्ह त्याने खोलला, सील आणि बेअरिंगं बदलली, बसवून दिला. पाणी गोडं म्हणून मॅग्नेशियमचे ॲनोड लावले आणि बिलात तसं लिहिलं. बिल परत आलं. शेरा असा: 'निविदेत झिंक ॲनोड नमूद. पुरवठा निविदेनुसार नाही.' त्याने दोन पानी खुलासा दिला. उत्तरादाखल कार्यालयाने ॲनोडच्या खाऱ्या पाण्यातल्या चाचणीचं प्रमाणपत्र मागितलं. धरणावरच्या बोटीसाठी! शेवटी गड्याने मॅग्नेशियम काढलं, झिंक लावलं, फोटो जोडला आणि पैसे पदरात पाडून घेतले. कार्यालयाचं नाव छापत नाही. अशी पत्रं काही एकाच धरणावरून येत नाहीत.

झिंक गोड्या पाण्यात काय करतं हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यावर पांढरट थर धरतो, ॲनोड जागच्या जागी शाबूत राहतो आणि ड्राइव्हचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वर्षाने तपासणीला आलेले साहेब तो गुळगुळीत ॲनोड बघून 'माल टिकाऊ आहे' असं लिहून जातात. न झिजलेला ॲनोड म्हणजे कामचुकार ॲनोड, हे भांडार विभागाला कोण सांगणार? १९१७ चा जुना कायदा गेला, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. पण किनाऱ्यावरच्या बोटींच्या अटी जशाच्या तशा उतरवायची सवय काही गेली नाही.

दुसरी अट याहून महाग पडते: 'खालचे युनिट नवीन मॉडेलचे बसवावे.' आपल्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मर्क्रुझरमध्ये अल्फा वनची पहिली पिढी अजून दिसते. १९९१ पासूनच्या दुसऱ्या पिढीचा अख्खा ड्राइव्ह जुन्या ट्रान्समवर तयारी करून चढवता येतो. जुन्या वरच्या भागाला नवा खालचा भाग मात्र जुळत नाही. ब्राव्होचा तर विषयच वेगळा. त्याचा क्लच वरच्या भागात कोनचा, कच्च्या पाण्याचा पंप इंजिनावर. अल्फाचा पंप ड्राइव्हच्या पोटात. 'अल्फा काढून ब्राव्हो लावा' असं एका ओळीत लिहिणाऱ्याला त्यामागचा पंप, केबल आणि ट्रान्समचा खर्च दिसत नाही. गुणोत्तराचंही तेच. ३ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनामागे व्ही-८ चा १.४७ वाला ड्राइव्ह आला की इंजिन आरपीएम गाठत नाही, धापा टाकतं, आणि दोष मेकॅनिकच्या माथी.

इथवर साहेबांचं झालं. आता आपलं.

'ड्राइव्ह मजबूत करून द्या' असं गिऱ्हाईक म्हणालं की आपल्यातले काहीजण वेल्डिंगचा होल्डर उचलतात. स्केगला जाड पट्टी मारायची, ॲल्युमिनियमचा पंखा काढून स्टेनलेसचा चढवायचा, बेलो उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए' बाजारातला घालायचा आणि वर वॉरंटी तोंडी. अंबरनाथच्या लेथवर अप्रतिम बुश निघतं, याबद्दल दुमत नाही. पण बेलोचं रबर लेथवर निघत नाही. आणि बुडालेल्या खोडावर आपटल्यावर स्टेनलेसचा पंखा वाकला नाही, तर धक्का गिअरला जातो. पंखा बदलायला तासभर पुरतो, गिअरकेस बदलायला हंगाम जातो. मजबुती म्हणजे सगळंच न तुटणारं करणं नव्हे. आधी काय तुटायचं, आधी काय झिजायचं, हे आपण ठरवायचं: पंखा, त्याचं रबरी हब, स्केग, ॲनोड. बाकी मजबुती गिम्बल बेअरिंगच्या ग्रीजमध्ये, अलाइनमेंट बारच्या पाच मिनिटांत आणि वेळेवर बदललेल्या बेलोत असते. जुना ड्राइव्ह या तीन गोष्टींवर नव्याच्या बरोबरीने चालतो. नव्यात जमेची बाजू इतकीच, की गिअर ऑइलची बाटली इंजिनाशेजारी असते आणि तेल उतरलं की डोळ्यांना दिसतं.

बारवीचं उदाहरण घ्या. १९७२ चं हे धरण. उंची वाढवल्यावर २०१९ मध्ये साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरवर गेला. तोंडली, मोहघरसारख्या गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. अशा नव्या बुडीत क्षेत्रात झाडांची खोडं, बांध आणि भिंती नकाशात सापडत नाहीत, त्या पंख्याला सापडतात. शिवाय हे पाणी कारखान्यांबरोबर उल्हासनगरच्या नळालाही जातं. अशा जलाशयावर प्रॉप शाफ्टचं गळकं सील म्हणजे कोणाच्या तरी हंड्यात गिअर ऑइल. दुधाळ तेल बघून नुसतं टॉप-अप करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. तीच बोट पुढे उल्हासच्या खाडीत न्यायची असेल तर मॅग्नेशियम चालणार नाही, तिथे ॲल्युमिनियमचे ॲनोड. हा फरक ज्याला लिहिता येत नाही त्याने निविदा लिहू नये, आणि ज्याला करता येत नाही त्याने ती भरू नये.

आणखी एक. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची बोट 'नीलकमल' प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जीव गेले. काम केल्यावरची पहिली धाव मोकळ्या पाण्यात, प्रवासी मार्गापासून लांब, किल-स्विचची दोरी अंगाला बांधूनच घ्या. 'आपलं काय, छोटं धरण आहे' हे वाक्य वर्कशॉपमधून हद्दपार करा.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांसाठी बोटी आणाव्या लागल्या. पाऊस कोटेशन मागवून येत नाही. जूनच्या आत आपल्या ताब्यातला प्रत्येक ड्राइव्ह उतरवा, बेलोत बोट घालून बघा, ॲनोडची जात तपासा. आणि ज्यांच्याकडे 'झिंकच पाहिजे' असा लेखी शेरा आहे, त्यांनी त्याची प्रत आणि वर्षभरानंतरच्या ड्राइव्हचा फोटो आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकाची चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.