बंदी झाली, बांधणीचे काय?

गलवानमध्ये वीस जवानांनी बलिदान दिल्यानंतर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ मोबाइल अ‍ॅपवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता. दोनच दिवसांत ‘फौजी’ या स्वदेशी खेळाची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ला तो अवतरलाही. मात्र मुले ज्यासाठी पबजीला खिळली होती, नेमके तेच त्यात नव्हते! दूरदूरच्या खेळाडूंनी एकाच वेळी एका रणांगणात उतरण्याची सोय काही महिन्यांनी आली. पाठोपाठ जुलैत दक्षिण कोरियाच्या कंपनीने पबजीच भारताचे नाव लावून परत आणला. आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो होतो.

घोषणेला दोन दिवस पुरतात, विद्येला पुरत नाहीत. परभणीतील मुलाने पडद्यावर बोट सरकवले की ती हालचाल दूरच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून सर्व खेळाडूंच्या मोबाइलवर उमटते. मधल्या विलंबात सर्व्हरचे उत्तर काय येईल याचा अंदाज बांधायचा, चुकल्यास नकळत दुरुस्त करायचा, संपर्क तुटला तर खेळाडूला त्याच क्षणात परत आणायचे. मोबाइलच्या बाजूचे हे काम करणाऱ्या तयार आज्ञासंचाला ‘क्लायंट लायब्ररी’ म्हणतात. ‘फोटॉन’ हा असा प्रसिद्ध संच जर्मनीतील हॅम्बुर्गचा.

परावलंबनाची किंमत काय असते? ज्या ‘युनिटी’ इंजिनावर जगभरचे असंख्य खेळ उभे आहेत, त्या अमेरिकी कंपनीने सप्टेंबर २०२३मध्ये ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावण्याचे जाहीर केले. प्रचंड विरोधानंतर वर्षभराने ते मागे घेतले गेले. उद्या पुन्हा लावणार नाहीत, याची हमी कोणी द्यावी?

‘खेळच तो, त्यात कसला राष्ट्राभिमान?’ असे म्हणणारे सुज्ञ घरोघरी आहेत. पैसे लावून खेळण्यावर २०२५च्या कायद्याने बंदी आली, हे उत्तमच. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली, हे त्यांच्या गावी नाही. अर्जेंटिनात जन्मलेले ‘गोडो’ इंजिन आणि ब्राझीलच्या एका तरुणाने सुरू केलेली ‘कोलिसियस’ ही बहुखेळाडू प्रणाली आज जगाला मुक्तपणे उपलब्ध आहेत. हे देश काही महासत्ता नव्हेत. आणि अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तो याच महाराष्ट्रात.

पूर्णा, गंगाखेड, जिंतूरच्या खेड्यांत वीज गेली, टॉवर रुसला की खेळ अर्ध्यावर तुटतो. हॅम्बुर्गच्या अभियंत्याला ही अडचण कशी सुचावी? ती रोज भोगणारी मुले मराठवाड्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ग्रंथालयाच्या नोंदवहीचे तेच जुने सॉफ्टवेअर पुन्हा लिहीत आहेत. हा विषय त्यांच्यासमोर ठेवायला कोणत्या बंदीची वाट पाहायची आहे?