तार सोडा, स्टिरिओ सोडू नका

घरातल्या जुन्या स्टिरिओवर आज दोन बाजूंनी अन्याय होतो आहे. नव्याचे भोक्ते म्हणतात, ‘एवढे मोठे स्पीकर आता हवेत कशाला? एक ब्लूटूथ स्पीकर घ्या, मोबाइल जोडा, काम झालं.’ कर्मठ श्रोते म्हणतात, ‘स्टिरिओ ठेवा, पण त्याला कॉम्प्युटर लावू नका. लावलाच तर तारेने लावा. हवेतून आलेल्या आवाजात दम नसतो.’ पहिल्यांचं ऐकलं तर चांगले स्पीकर भंगारात जातात. दुसऱ्यांचं ऐकलं तर ते धूळ खातात, कारण घरातलं बहुतेक संगीत आता कॉम्प्युटरमध्येच आहे. मला दोन्ही मतं साफ अमान्य आहेत. कॉम्प्युटरमधलं गाणं वाय-फायवरून जुन्या स्टिरिओपर्यंत नेणं हाच आज घरी गाणं ऐकण्याचा सर्वांत शहाणा मार्ग आहे.

आधी कर्मठांचा आक्षेप घेऊ. वाय-फायवरून आवाज जातो हे गृहीतच चुकीचं आहे. जातात ते आकडे. सीडीवर डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूचे सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा असतो. सगळं मिळून सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट होतात. घरातलं साधं वाय-फायही याच्या कितीतरी पट ओझं सहज उचलतं. वाटेत एखादं पाकीट बिघडलं किंवा हरवलं, तर ते घेणाऱ्या यंत्राच्या लक्षात येतं आणि पुन्हा पाठवलं जातं. याच वाटेने तुमचं बँकेचं स्टेटमेंट येतं आणि त्यातलं एक शून्यही गळत नाही. मग मालकंसातला कोमल धैवत तेवढा वाटेत गळेल, असं मानायला आधार काय?

यावर जाणकार श्रोता म्हणतो, ‘आकडे बरोबर येतील, पण वेळेवर येतील का? त्यांच्या लयीत सूक्ष्म कंप येतो, त्याचं काय?’ हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच ठोस आहे. स्टिरिओजवळचं रिसीव्हर यंत्र आलेले आकडे लगेच वाजवत नाही. काही सेकंदांचं गाणं ते आधी स्वतःच्या मेमरीत साठवतं. ज्या पद्धतीत ते यंत्र कॉम्प्युटरकडून लागेल तशी फाइल मागून घेतं, तिथे आकड्यांचं आवाजात रूपांतर त्याच्या स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर होतं. आकडे हवेतून अडखळत आले की सरळ आले, याचा त्या ठोक्याशी संबंध उरत नाही.

उलट तारेचे दोष कर्मठ मंडळी सांगत नाहीत. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघून ॲम्प्लिफायरच्या मागच्या लाल-पांढऱ्या जॅकमध्ये जाणारी तार लावून पाहा. गाणं सुरू करण्याआधीच बऱ्याच घरांत एक बारीक घरघर ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढला की ती अनेकदा थांबते. म्हणजे दोष ॲम्प्लिफायरचा नसतो आणि स्पीकरचाही नसतो. विजेच्या जोडणीतला गोंगाट त्या तारेवाटे आत शिरतो. वाय-फायमुळे कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर यांच्यातला हा विजेचा दुवाच तुटतो. बिनतारी जोडणीचा हा फायदा केवळ सोयीचा नाही, तो थेट कानाला कळणारा आहे.

आता नव्याच्या भोक्त्यांकडे वळू. ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही बिनतारी आहेत, म्हणून ती एकच, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. ब्लूटूथवर संगीत पिळून पाठवावं लागतं. त्याच्या सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी पद्धतीत चांगल्या दर्जाची शिफारस सेकंदाला 328 किलोबिटांची आहे. सीडीच्या चौथ्या हिश्श्याहूनही ती कमी भरते. एलडॅकसारख्या पुढच्या पद्धती 990 किलोबिटांपर्यंत जातात, पण त्यासाठी दोन्हीकडच्या यंत्रांत ती सोय हवी. सकाळी बातम्या ऐकायला ब्लूटूथ पुरेसं आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तानपुऱ्याची जवारी ऐकायला बसलेल्या माणसाला तेच पुरेसं आहे असं सांगणं मला पटत नाही. शिवाय वीतभर डब्यातला स्पीकर हवा हलवणार किती? डग्ग्याचा घुमारा उमटायला मोठा पडदा आणि मोठी पेटी लागते. ती तुमच्या जुन्या स्पीकरमध्ये आधीपासून आहे, तिचे पैसेही केव्हाच देऊन झाले आहेत.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि टिकाऊपणाचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. 2004 साली ॲपलच्या एअरपोर्ट एक्सप्रेसने भिंतीतल्या प्लगवर बसणाऱ्या छोट्या डबीतून कॉम्प्युटरचं गाणं स्टिरिओत नेऊन दाखवलं. ती डबी आता बनत नाही. लॉजिटेकने 2012 साली स्क्वीझबॉक्स बंद केला. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ 2015 साली आला आणि 2019 साली गुंडाळला गेला. कंपनीच्या मर्जीवर घरचं संगीत टांगून ठेवू नये, हे मलाही मान्य आहे. पण यातून निघणारा धडा वाय-फाय टाकून देण्याचा नाही, खुल्या पद्धती निवडण्याचा आहे. स्क्वीझबॉक्स गेला, पण त्याचं खुलं सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी जिवंत ठेवलं. आज ते ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने चालतं. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर तसलाच रिसीव्हर घरी उभारता येतो. उद्या तो बिघडला तर तेवढाच बदलायचा. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जागचे हलत नाहीत.

मग करायचं काय? आपल्या सीडी फ्लॅक स्वरूपात कॉम्प्युटरवर घ्याव्यात. त्यात जागा वाचते आणि मूळचा एक बिटही जात नाही. रिसीव्हरची तार ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ लिहिलेल्या जॅकमध्ये लावावी. ‘फोनो’मध्ये मात्र कधीही लावू नये, कारण तो तबकडीच्या सुईच्या क्षीण आवाजासाठी असतो. दोन ट्रॅक सलग वाजवण्याची सोय आहे ना, हे खात्रीने पाहावं. बडा ख्याल आणि छोटा ख्याल सीडीवर वेगळ्या ट्रॅकमध्ये असतात. ही सोय नसेल तर दोन्हींच्या मधे तानपुरा क्षणभर तुटतो आणि जमलेली बैठक मोडते. सिनेमा पाहताना मात्र तारच लावावी. वाय-फायवरून आवाज मागाहून येतो, ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

या सगळ्याला इंटरनेट लागत नाही, हेही ठासून सांगायला हवं. गाणं घरातल्या कॉम्प्युटरवरून घरातल्या राउटरमार्गे घरातल्याच स्टिरिओकडे जातं. कोणाची वर्गणी नाही, कोणाची जाहिरात नाही. आणि आपल्या घरांत असं कितीतरी ध्वनिधन आहे जे कोणत्याही ॲपवर कधीच मिळणार नाही: कॅसेटवरून उतरवून घेतलेली गणेशोत्सवातली मैफल, गावच्या मंदिरातलं कीर्तन, आजीच्या तोंडच्या ओव्या. हे संचित कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पडून राहतं, कारण लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर ते चारचौघांनी एकत्र बसून ऐकावंसं वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. कॉम्प्युटर ही संगीत जपायची जागा आहे, स्टिरिओ ही ते ऐकायची जागा आहे, आणि वाय-फाय हा दोघांना जोडणारा निर्दोष, स्वस्त आणि आपल्या हातात असलेला रस्ता आहे. स्टिरिओ भंगारवाल्याला देऊ नका आणि जुन्या तारेचा हट्टही धरू नका. ज्या घरात चांगले स्पीकर आहेत, त्या घराने चांगलं ऐकायचं सोडून देण्याला आज कोणतंही तांत्रिक कारण उरलेलं नाही.