चौकशी झाली. पुढे काय?

आमच्या आयटीत रात्री दोन वाजता सर्व्हर झोपला की दुसऱ्या दिवशी एक मीटिंग होते. नाव 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम'. नाव भीतीदायक आहे, पण कल्पना साधी: चुकीचं बटण कोणी दाबलं यापेक्षा ते दाबता आलंच कसं, हे शोधायचं. शेवटी कामांची यादी निघते, प्रत्येक कामापुढे एक नाव आणि तारीख. यादी संपेपर्यंत फाईल बंद होत नाही (निदान होऊ नये!).

आणि आमचा सर्व्हर पडला तर सहसा कोणी मरत नाही. मग जिथे जीव जातात तिथे ही शिस्त आणखी कडक हवी ना?

९ जानेवारी २०२१ला भर रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १७ पैकी १० बाळं गेली. चौकशी समिती बसली आणि त्याच महिन्यात सात जणांवर कारवाई झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित, दुसऱ्या एका अधिकाऱ्याची बदली, कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवा समाप्त. फेब्रुवारीत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला, तो मात्र दोन परिचारिकांवर.

राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. आणि दहाच महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ला, नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात कोविडचा आयसीयू पेटला. किमान ११ रुग्ण गेले. काही दिवसांतच अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना.

पॅटर्न दिसतोय?

ड्युटीवरच्या नर्सला प्रश्न विचारूच नयेत असं मी म्हणत नाही. ज्या आईबापांचं बाळ गेलं त्यांना 'सिस्टीमची चूक' असं गुळमुळीत उत्तर देणं हा क्रूरपणाच आहे. हलगर्जीपणा झाला असेल तर शिक्षा व्हावी. पण तो झाला की नाही हे ठरवणार कोण?

डॉक्टरांसाठी याचं उत्तर आहे. 'जेकब मॅथ्यू' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं, की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी पोलिसांनी स्वतंत्र आणि जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतल्या. कारण उघड आहे. त्या क्षणी काय शक्य होतं, हे तेच काम करणाऱ्यालाच कळतं. मग नर्सच्या कामाबद्दल अनुभवी नर्सचं मत का नको? एका पाळीत किती बाळांमागे किती जणी होत्या, धुराची सूचना देणारी यंत्रणा होती का, बाहेर पडायला दुसरं दार होतं का, हे प्रश्न तिला पहिल्या पाच मिनिटांत सुचतील.

पीअर रिव्ह्यू म्हणजे आपल्या माणसाला वाचवणं नव्हे. चांगला रिव्ह्यू झोंबतो. फक्त तो माणसापाशी थांबत नाही, वायरिंगपर्यंत आणि बजेटच्या कागदापर्यंत जातो.

आणि त्यानंतर? अहवाल सगळ्यांना वाचायला मिळावा. प्रत्येक शिफारशीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि तारीख असावी. वर्षभराने कोणीतरी ती यादी उघडून जाहीरपणे टिकमार्क करावेत.

निलंबनाचा आदेश एका दिवसात निघतो. वायरिंग बदलायला वेळ लागतो, पैसे लागतात. म्हणून आपण पहिलं करतो आणि त्यालाच न्याय म्हणतो.

बघा, पटतंय का.