माटव आणि मोटर

हल्ली गोव्यात घराचे काम काढले, की आर्किटेक्टच्या संगणकावर अंगणाच्या जागी एक करडी चौकट दिसू लागते. अल्युमिनियमचे चार खांब आणि वर पट्ट्यापट्ट्यांचे सपाट छप्पर. बटण दाबले की पट्ट्या उभ्या होतात, आभाळ दिसते. पुन्हा दाबले की आडव्या होऊन एकमेकींना बिलगतात आणि पाऊस बाहेरच राहतो. याला पेर्गोला म्हणतात. आतापर्यंत हे प्रकरण आसगाव-शिवोलीच्या बंगल्यांत पाहायचे, आता ते डोंगराच्या दिशेने सरकले आहे. कारापुरात एका ओळखीच्या घरी दोन भावांत यावरून बोलाचाली चालू आहे. आखातातून सुट्टीवर आलेल्या धाकट्याला अंगणावर हा पेर्गोला हवा. थोरला म्हणतो, माझ्या हयातीत अंगण झाकायचे नाही. दोघांनीही मला मत विचारले. तिथे चहा पीत जे सांगितले नाही ते इथे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हलते छप्पर ही आपल्याला कुणी नव्याने शिकवावी अशी वस्तू नाही. पावसाळा सरला, अंगण चोपून सारवून झाले की माटव उभा राहायचा. पोफळीचे खांब, बांबूचे आडवे-उभे, वर विणलेली चुडते. त्या विणलेल्या चुडतांना कुणी मल्लां म्हणते, कुणी झापे. व्हडल्या दिवाळीला तुळशीचे लगीन त्याच्यापुढे लागायचे, घरातली खरी लग्ने त्याच्याखाली, शिगम्यात मेळ आला की त्याचे ताशे त्याच्या सावलीत वाजायचे. वैशाख कलला, मृग जवळ आला की सगळे उतरवायचे. चुडते चुलीला, बांबू माळ्यावर, आणि अंगण पावसाच्या स्वाधीन. उघडमीट होतीच, फक्त ती बटणावर नव्हती, पंचांगावर होती.

पेर्गोला हा शब्द इटलीचा, मूळ लॅटिनमधला. द्राक्षाचे वेल चढवायचा मांडव तो. म्हणजे पुन्हा आमचाच मागीलदारचा माटव, ज्याच्यावर पावसाळ्यात दोडकी, पडवळ, कारली लोंबत असतात. आणि त्या फिरत्या पट्ट्या म्हणजे जुन्या खिडक्यांची झिलमिली. वारा येऊ द्यायचा, ऊन अडवायचे, बाहेरच्याला आत दिसू द्यायचे नाही, हे काम झिलमिलीने पिढ्यान्पिढ्या केले. कुणीतरी ती आडवी करून डोक्यावर ठेवली, इतकेच. चार्ल्स कोरिया यांनी साबरमतीच्या गांधी संग्रहालयात (1963) काचेच्या खिडक्या न घालता लाकडी झिलमिल्याच घातल्या. आपल्या पणजीच्या कला अकादमीच्या दर्शनी भागावरही त्यांनी भला थोरला पेर्गोला टाकला. ऊन तिथे गाळून येते, पाऊस मात्र येतोच, आणि कुणाची तक्रार नसते.

तेव्हा परकी वस्तू म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. आपण ज्यांना 'आमची पारंपरिक मंगळुरी कौले' म्हणतो, त्यांचा पहिला कारखाना बासल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी 1865 मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी आमच्या छपरांवर नळ्यांची कौले आणि गवत होते. चांगले ते घेण्यात गोंयकाराने कधी कमीपणा मानला नाही.

माझा खरा राग दुसऱ्याच वस्तूवर आहे, पत्र्यावर. साखळी-डिचोली रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंची घरे बघा. लोखंडी नळ्यांवर निळे, हिरवे, लाल पत्रे घराच्या कौलापासून थेट कुंपणापर्यंत ओढले आहेत. आधी लग्नासाठी म्हणून घातले, मग 'राहू द्या, गाडीला सावली होते' म्हणून राहिले. पुढे पावसात चिखल नको म्हणून खाली सिमेंटच्या लाद्या आल्या. त्या अंगणात आता ऊन पडत नाही, पाऊस पडत नाही, पागोळ्या गळत नाहीत. दुपारी पत्रा तापला की सोप्यावर बसवत नाही, आणि पाऊस लागला की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तुळस तर जगूच शकत नाही. वृंदावन रंगवलेले असते, आत एक वाळकी काडी. कित्येक घरी मी कुंडीतली तुळस रोज सकाळी बाहेर उन्हात नेऊन ठेवलेली पाहिली आहे, पेशंटला गॅलरीत बसवतात तशी.

या पत्र्यापुढे पेर्गोला शंभर पटीने बरा. निदान तो उघडतो. धाकट्याच्या बाजूने एवढे कबूल केलेच पाहिजे.

पण तो इथल्या पावसाशी कसा वागेल, हे विकणारा सांगत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर पाणी. पाच मीटर बाय चार मीटरचा पेर्गोला म्हणजे वीस चौरस मीटर. तासाभरात 50 मिलिमीटर कोसळला, आणि आपल्याकडे तो कोसळतो, तर त्या छपरावर हजार लिटर पाणी आले. कौलाला उतार असतो, पाणी पडते आणि पळते. इथे छप्पर जवळजवळ सपाट. प्रत्येक पट्टीच्या कडेला बारीक पन्हळ, ती पाणी कडेच्या तुळईत टाकते, तिथून पोकळ खांबातून खाली. यंत्रणा हुशार आहे, शंका नाही. पण त्या खांबाच्या तोंडाशी आंब्याची चार पाने बसली की हुशारी संपली. कारापुरात झाड नसलेले अंगण दाखवा! आंबा, फणस, सागवान, सगळ्यांची पाने वर पडणार, उन्हाळ्यातली तांबडी धूळ त्यांना चिकटणार आणि पहिल्या पावसात त्याचा लगदा होणार. वर चढून साफ कोण करणार? धाकटा तर तेव्हा दुबईत असेल.

शिवाय आपला पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर तो तिरका येतो आणि छत्री हातात असतानाही गुडघ्यापर्यंत भिजवतो. चारी बाजू मोकळ्या असलेल्या छपराखाली आषाढात बसून चहा प्यायचे चित्र फक्त माहितीपत्रकातच खरे. आणि वादळी पावसात पहिली जाते ती वीज. पट्ट्या उघड्या असताना ती गेली तर मोटर काय करणार? हाताने बंद करायची सोय किंवा बॅटरी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. माकडांचा विषय मी काढत नाही. डिचोलीकरांना कौले फुटल्याचा अनुभव आहे, अल्युमिनियमचा अजून यायचा आहे.

हे सगळे निस्तरता येईल. चांगला कारागीर मिळेल, जाळी बसवता येईल. थोरल्याचे म्हणणे मात्र निराळे आहे, आणि त्याला ते नीट मांडता येत नाही म्हणून लोक त्याला हट्टी म्हणतात. त्याचे म्हणणे असे, की अंगण ही घराची रिकामी राहिलेली जागा नव्हे. मे महिन्यात तिथे सोलां सुकतात, मिरच्या, पापड, उकडे भात सुकते. त्याला कडक ऊन लागते, पट्ट्यांतून गाळलेले चालत नाही. मेळ येतो तो अंगणात येतो, दिवाणखान्यात येत नाही. त्रिपुरीला विठ्ठलापूरच्या घाटावर वाळवंटीत नौका सोडून माणसे घरी परततात, तेव्हा अंगणात पौर्णिमेचे चांदणे पडलेले असते. अंगणात उभ्या माणसाला वाटेवरून कुणीही हाक मारू शकते. पेर्गोलाखाली सोफा आला, टीपॉय आला, कोपऱ्यात पंखा आला, की ती खोली होते. खोलीत शिरायला विचारावे लागते. शेजारची म्हातारी मग 'आसात मगो?' म्हणून सरळ आत यायची थांबते. भिंत कुणी घातलेली नसते, तरी.

यावर धाकटा म्हणतो, आता माटव घालायला माणसे कुठे आहेत? चुडते विणणारे हात कमी झाले, माडावर चढणारा पाडेली मिळत नाही, वाड्यावरची मुले नोकरीला. खरे आहे. पूर्वी माटवाला पैसे कमी लागत आणि माणसे जास्त, आता उलटे आहे. पण अगदीच अशक्य आहे असेही नाही. अजून लग्नाला काही घरी हौसेने चुडतांचा माटव घालतात, आणि त्याखालची दुपार किती थंड असते हे पाहुण्यांच्या तोंडावर दिसते. पेर्गोलाच्या किमतीत असे कितीतरी माटव घालून होतील, आणि दर वर्षी दोघातिघांना चार दिवसांची मजुरीही मिळेल. हा हिशोब धाकट्याने मांडलेला नाही.

आणखी एक. आपल्याकडे घर वडिलोपार्जित असले की अंगण एकाचे नसते. वाटण्या झालेल्या घरांतसुद्धा अंगण बहुधा सामाईकच राहते, कारण त्याचे तुकडे करायला कुणाचे मन होत नाही. अशा अंगणात एकाने खांब रोवला की दुसऱ्याला तो खुंट वाटतो. पत्र्यांवरून भावाभावांत अबोला धरलेली घरे मला ठाऊक आहेत. पंचायतीत विचारावेच, पण आधी थोरल्याला विचारावे.

मला विचाराल तर पुढचे अंगण मोकळे सोडा. तुळशीवर काहीही नको, मोटरचे नको आणि पत्र्याचे तर मुळीच नको. व्हडल्या दिवाळीपासून मृगापर्यंत चुडतांचा माटव घाला, माणसे मिळाली नाहीत तर शेडनेट बांधा, पण पावसाआधी उतरवा. धाकट्याला बसायला सावली हवी आहे, आणि ती रास्त मागणी आहे. वर्षातून महिनाभर येणाऱ्या माणसाला आपल्या घरी बाहेर बसावेसे वाटले तर त्यात चूक काय? त्याचा पेर्गोला मागीलदारी, न्हाणीच्या पलीकडे, जिथे फणसाची पाने पोचत नाहीत तिथे बसू दे. जमीन लाद्यांनी झाकू नका. वीस चौरस मीटर छपरावर वर्षाला साठ हजार लिटर पाणी पडते. खांबातून येणाऱ्या पाण्याला एक चर खणून द्या, आणि तो चर गटाराकडे न नेता विहिरीच्या वरच्या अंगाला, माडांच्या आळ्यात सोडा.