यहुदी राष्ट्र आणि धर्मगुरूंची सत्ता

राष्ट्र एका धर्माच्या लोकांचें असेल, तर त्याच्या कारभारांत त्या धर्माच्या आचार्यांस अधिकार असलाच पाहिजे, असें प्रतिपादन वारंवार कानीं पडतें. आणि दाखला म्हणून इस्रायलकडे बोट दाखविण्यांत येतें. हा दाखला देणारांनीं त्या देशाचा इतिहास नीट पाहिला असता, तर तो आपल्याच पक्षावर उलटतो हें त्यांच्या ध्यानांत आलें असतें.

ज्या थिओडोर हर्झलनें १८९६ सालीं यहुदी राज्याची कल्पना पुस्तकरूपानें जगापुढें मांडली, त्यानेंच त्यांत बजाविलें होतें, कीं सैनिकांची जागा छावणींत आणि धर्मोपदेशकांची प्रार्थनामंदिरांत; राज्यकारभारांत दोघांनींही ढवळाढवळ करूं नये. १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानेंही धर्म, वंश व लिंग यांचा भेद न करतां सर्व नागरिकांस समान हक्कांचें अभिवचन दिलें. मग आचार्यांच्या हातीं सत्ता गेली कशी? राज्य जन्मास येण्यापूर्वीं, १९४७ च्या जूनमध्यें, बेन-गुरियन प्रभृति पुढाऱ्यांनीं सनातनी पक्षाची अनुकूलता मिळविण्यासाठीं शब्बाथ, आहार, विवाह व शिक्षण यांविषयीं लेखी आश्वासनें दिलीं. विवाह धर्मन्यायालयांकडे ठेवण्याची तुर्की अमदानींतील वहिवाट इंग्रजांनीं चालूच ठेविली होती. १९५३ च्या कायद्यानें यहुद्यांचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांच्या स्वाधीन झाले. राजकारणाची सोय ती अशी धर्माची आज्ञा होऊन बसली!

तिचा चटका कोणास बसला, हें मराठी वाचकांनीं तरी विसरूं नये. कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे, शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले, घरीं मराठी बोलणारे बेने इस्रायल पूर्वजांची भूमि म्हणून तिकडे गेले. १९६२ सालीं मुख्य रब्बींच्या पीठानें फर्माविलें, कीं बेने इस्रायलांपैकीं कोणास इतर यहुद्यांशीं विवाह करावयाचा असल्यास त्याच्या मातृकुळाची चौकशी शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत व्हावी. इतर यहुदी जगापासून दूर राहून ज्यांनीं शब्बाथ व सुंता सोडली नाहीं, त्यांना यहुद्यांच्याच राज्यांत आपलें यहुदीपण सिद्ध करण्याची पाळी आली! त्यांनीं जेरुसलेमांत धरणें धरलें. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्यें क्नेसेट या तेथील लोकसभेनें ते सर्वतोपरी यहुदीच होत असा ठराव केला, तेव्हां कोठें रब्बींनीं आपल्या आज्ञेंतून त्यांचा नामनिर्देश वगळला. न्याय मिळाला तो धर्मपीठाकडून नव्हे, लोकप्रतिनिधींकडून.

यावर कोणी म्हणतील, कीं आचार्यांचा अधिकार काढून घेतला तर त्या राष्ट्रांत यहुदी असें उरेल काय? हिब्रू भाषा उरेल, शनिवारची विश्रांति उरेल, सणवार उरतील आणि जगांतील कोणाही यहुद्यास आश्रय देणारा १९५० चा कायदा उरेल. यांपैकीं कशालाही रब्बीच्या हातच्या सरकारी शिक्क्याची गरज नाहीं. उलट त्या शिक्क्यापायीं आजही देशांत नागरी विवाहाची सोय नाहीं. कित्येक जोडपीं सायप्रसला जाऊन विवाह करतात, आणि सरकार त्याची निमूटपणें नोंद करतें. अरब नागरिकांचा प्रश्न तर याहूनही बिकट. २०१८ च्या राष्ट्रविषयक मूलभूत कायद्यांत समता हा शब्दच आढळत नाहीं.

आपल्याच धर्मबांधवांस जें पीठ दारांत उभें करून कुळी विचारतें, तें परधर्मीयांस काय न्याय देणार? धर्मावर ज्यांची खरी निष्ठा आहे, त्यांनींच त्याच्या हातून राजदंड काढून घेण्यास प्रथम पुढें आलें पाहिजे.